पोळी बंद झाली, मग आतल्या बॅक्टेरियांना काय वाढायचं?

मागच्या अंकात याच पानावर मी लिहिलं होतं की सिलिॲक डिसीज, म्हणजे ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो आजार, पक्का झाला की ते ज्यात असतं ते गहू, जव आणि राय हे तिन्ही कायमचे सोडायचे, महिनाभर नाही की वर्षभर नाही, कायमचे. त्यावर इतकी पत्रं आलीत की या वेळचं अख्खं पान त्यालाच दिलंय. गंमत म्हणजे निम्म्या पत्रांमध्ये "पोटातले चांगले बॅक्टेरिया" हा शब्द आहे. पाच पत्रं निवडलीत, सारख्या प्रश्नांची उत्तरं यातच मिळतील.

प्रश्न : नमस्कार ताई, नागपूरहून लिहितेय. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, आठ महिन्यांपूर्वी सिलिॲक निघालं, रक्ताची टेस्ट आणि बायोप्सी दोन्ही झालं. तेव्हापासून घरात तिच्यासाठी गहू पूर्ण बंद. वजन वाढलं, हिमोग्लोबिन वाढलं, टीटीजीचा, म्हणजे सिलिॲकच्या त्या रक्ताच्या टेस्टचा, आकडा पण बराच खाली आलाय. पण पोट फुगतं आणि चार-चार दिवस संडास होत नाही, आधी जुलाब व्हायचे आता उलटं झालंय. नेटवर वाचलं की ग्लुटेन-फ्री खाण्याने पोटातले चांगले बॅक्टेरिया मरतात. माझी जाऊ म्हणते आठवड्यातून एखादी पोळी दे, सवय राहील आणि बॅक्टेरिया पण जगतील. देऊ का? ती दिवसभर काय खाते ते खाली लिहिलंय. सकाळी कॉर्नफ्लेक्स दूध, डब्यात भात किंवा पोहे, संध्याकाळी ग्लुटेन-फ्री बिस्किटं, रात्री वरणभात. मोहरी आणि जवसाची चटणीही बंद केली आहे.

उत्तर : ताई, आधी पोळीचं. नाही. आठवड्यातून नाही, दसऱ्याला नाही, जाऊबाईंचं मन राखायला तर अजिबात नाही. हिशोबच सांगते. एका मध्यम पोळीला साधारण तीस ग्रॅम कणीक लागते, त्यात अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. आणि सिलिॲकच्या पेशंटवर झालेल्या एका नावाजलेल्या प्रयोगात रोज फक्त 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं तर आतड्याच्या अस्तराला इजा व्हायला लागते असं दिसलं होतं. म्हणजे एका पोळीत त्याच्या पन्नासपट माल आहे. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, डॉक्टर त्यांना व्हिलाय म्हणतात, अन्न तिथूनच रक्तात जातं. ग्लुटेन आलं की सिलिॲकवाल्याच्या शरीराची स्वतःचीच फौज हे उंचवटे सपाट करून टाकते. इथे सवय राहणं वगैरे काही नसतं.

आता बॅक्टेरियांचं. तुम्ही नेटवर जे वाचलंय ते अगदीच खोटं नाही, अर्धं खरं आहे, आणि त्या उरलेल्या अर्ध्यातच तुमच्या लेकीच्या बद्धकोष्ठाचं उत्तर असावं असा माझा अंदाज आहे. 2009 साली स्पेनमधल्या संशोधकांनी दहा निरोगी माणसांना, ज्यांना सिलिॲक नव्हतंच, महिनाभर ग्लुटेन-फ्री खायला घातलं आणि आधी-नंतरचा शौच तपासला. बिफिडोबॅक्टेरिया, म्हणजे चांगल्यांत मोडणारे, कमी झाले होते, फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी म्हणून एक फार कामाचा बॅक्टेरिया आहे तो कमी झाला होता, आणि ई. कोलाय आणि त्याचं गोत्र वाढलं होतं. बातम्या झाल्या त्या एवढ्यावरच. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती जी बातमीत सहसा येत नाही, ती म्हणजे त्या महिन्यात या लोकांच्या जेवणातले गुंतागुंतीचे कर्बोदक, म्हणजे जे आपल्याला पूर्ण पचत नाहीत आणि मोठ्या आतड्यात जाऊन बॅक्टेरियांचं खाद्य होतात ते, जवळजवळ निम्म्यावर आले होते. म्हणजे बॅक्टेरियांना ग्लुटेन मिळालं नाही म्हणून ते मेले असं समजायचं कारण नाही, त्यांचं जेवण बंद झालं हे जास्त पटतं. गव्हाबरोबर कोंडा गेला, फ्रुक्टन म्हणजे आपल्याला न पचणारं एक कर्बोदक गेलं, अरॅबिनोझायलन म्हणून गव्हातला एक फायबर असतो तो गेला, आणि त्या जागी आलं काय तर पांढरा तांदूळ आणि मक्याचा स्टार्च.

तुमच्या यादीकडे बघा आता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते माझ्या टेबलावर कायम असतात, त्यात शंभर ग्रॅम कणकेत साधारण 11 ग्रॅम फायबर आहे आणि शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात जेमतेम 3. तुमची मुलगी आधी दिवसाला तीन पोळ्या खात असेल असं धरू, म्हणजे दहा ग्रॅम फायबर नुसत्या पोळ्यांतून येत होतं. तेवढीच भूक भाताने भागवली तर अडीच-तीन ग्रॅम. बालरोगवाल्यांचा एक जुना सोपा ठोकताळा आहे, मुलाचं वय अधिक पाच, एवढे ग्रॅम फायबर रोज कमीत कमी हवं. नवाचे चौदा. तुमच्या यादीत मला ते कुठे दिसत नाही, वरण घट्ट असलं तरी नाही. आधी जुलाब असायचे कारण आतडं सोललेलं होतं, आता आतडं भरून येतंय पण त्यातून पुढे ढकलायला काही नाही. फीकॅलिबॅक्टेरियमसारखे बॅक्टेरिया फायबर आंबवून ब्युटिरेट नावाचं एक आम्ल तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी त्याच आम्लावर जगतात, तेव्हा कोंडा बंद करणं म्हणजे त्यांची चूल बंद करणं.

मग करायचं काय तर ज्वारी, बाजरी, नाचणी. त्याच तक्त्यात ज्वारी 10, बाजरी 11 आणि नाचणी 11 ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे कणकेच्या बरोबरीने, आणि एकातही ग्लुटेन नाही. युरोपातला सिलिॲकचा पेशंट सुपरमार्केटमध्ये महागाचा स्टार्चचा पाव घेऊन येतो, आपल्याकडे भाकरी आहे, आणि आपण ती सोडून पोरांना बिस्किटं देतो याचं मला दर वेळी वाईट वाटतं. आता नऊ वर्षांच्या मुलीला एकदम दोन भाकऱ्या वाढू नका, पोट आणखी फुगेल आणि तुम्ही म्हणाल ताईंनी वाट लावली. पहिला आठवडा रोज पाव भाकरी, मग अर्धी, पाणी भरपूर, असं महिना-दीड महिन्यात वाढवत न्या. भाजी-भाकरी खात नसेल तर नाचणीचं धिरडं, ज्वारीच्या पिठाचं थालीपीठ, झुणका, उसळ, सालासकट पेरू. थालीपिठाची विकतची भाजणी मात्र नको, बऱ्याच भाजण्यांत गहू असतो. वाळवणाच्या डब्यातली कुरडई पण नको, ती गव्हाच्या चिकाची.

आणि हो, जवसाची चटणी कशाला बंद केलीत! जव वेगळा आणि जवस वेगळं. जव म्हणजे बार्ली, ते बंद. जवस म्हणजे अळशी, त्यात ग्लुटेन नाही आणि फायबर एवढं आहे की तुमच्या लेकीला तीच चटणी औषध आहे. घरी भाजून खलबत्त्यात नाहीतर स्वच्छ मिक्सरमध्ये करा. मोहरीचंही तसंच झालंय, राय नावाचं एक धान्य आहे युरोपातलं, ते बंद, आपल्या फोडणीतली राई चालते. तुमच्याकडे हिंदीच्या शेजारामुळे हा घोळ जास्त होतो, मला विदर्भातून अशी तीन पत्रं आलीत. फोडणीत बघायचंच असेल तर हिंगाची डबी बघा. आपल्याकडचा बहुतेक खडा नसलेला, पावडरचा हिंग हा बांधणीचा असतो आणि त्या बांधणीत बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो, तो घ्या. कॉर्नफ्लेक्सचं खोकं पण उलटं करून वाचा, चवीसाठी बार्ली माल्ट घातलेलं असेल तर तुम्ही रोज सकाळी तिला जवच देताय.

एवढं करून दोन महिन्यांत फरक नाही पडला तर डॉक्टरांना थायरॉइड तपासायला सांगा, सिलिॲकबरोबर थायरॉइडचा त्रास जोडीने येतो आणि त्यातही बद्धकोष्ठ होतं. दुधाने फुगत असेल तर काही दिवस दुधाऐवजी दही देऊन बघा, दूध पचवणारं लॅक्टेज त्या मखमलीच्या टोकावर असतं, मखमल उगवली की तेही परत येतं. आणि आतडं पूर्ण भरून आलेलं असूनही काही जणांना त्रास होत राहतो हे खरं आहे, फिनलंडमध्ये 2014 साली अशाच लोकांच्या लहान आतड्यातले बॅक्टेरिया तपासले तेव्हा ते त्रास नसलेल्या पेशंटपेक्षा वेगळे निघाले होते. पण तिथपर्यंत जायच्या आधी भाकरी आणि हिंग. आठ महिने म्हणजे फार झाले असं तुम्हाला वाटतंय, आतड्याच्या हिशोबात ते फार नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात आयटीत आहे. बायकोला सिलिॲक वगैरे काही नाही, टेस्टच केलेली नाही, पण तिने इन्स्टावर बघून चार महिन्यांपासून ग्लुटेन सोडलंय, गट हेल्थ म्हणजे पोटाच्या आरोग्यासाठी. म्हणते खूप हलकं वाटतं. आता मलाही सोडायला लावतेय. चपाती सोडल्याने माझे बॅक्टेरिया सुधारतील की बिघडतील? खरं सांगा, घरात दाखवणार आहे.

उत्तर : घरात दाखवणार असाल तर जपून लिहायला हवं. वहिनींना हलकं वाटतंय यावर माझा विश्वास आहे. पण ते ग्लुटेनमुळेच आहे का हे त्यांना पण माहीत नाही आणि मला पण नाही. ग्लुटेन सोडलं म्हणजे पाव, पिझ्झा, बेकरीची खारी, ऑफिसातला चार वाजताचा समोसा सगळंच सुटलं की, त्यातलं हलकेपण कुठून आलं कसं सांगणार? डेन्मार्कमध्ये साठ निरोगी, मध्यमवयीन लोकांवर प्रयोग झाला, 2018 मध्ये छापून आला. आठ आठवडे कमी ग्लुटेनचं खाणं दिलं तर त्यांना खरंच पोट कमी फुगल्यासारखं वाटलं आणि बॅक्टेरियाही बदलले, बिफिडो कमी झाले. पण संशोधकांनी स्वतःच म्हटलंय की हा फरक ग्लुटेनपेक्षा फायबरचा प्रकार बदलल्यामुळे झालेला दिसतो. त्याच वर्षी नॉर्वेतला एक अभ्यास आला, सिलिॲक नाही पण गहू सोसत नाही असं स्वतःहून सांगणारे 59 लोक, त्यांना न कळू देता एकदा ग्लुटेन दिलं, एकदा फ्रुक्टन दिलं, एकदा नुसतंच काहीतरी. जास्त त्रास झाला तो फ्रुक्टनने. फ्रुक्टन गव्हात असतं तसंच कांद्यात आणि लसणात असतं. म्हणजे चपाती सोडून कांद्याची चटणी खाणारा माणूस नक्की काय सोडतोय कोण जाणे.

आणि हॉलंडमध्ये 21 निरोगी लोकांना चार आठवडे ग्लुटेन-फ्री दिलं तेव्हा बॅक्टेरियांची काही कुळं कमी-जास्त झाली, पण माणसामाणसातला फरक आहाराच्या फरकापेक्षा मोठा निघाला. तुमच्या आणि तुमच्या बायकोच्या पोटातल्या बॅक्टेरियांमध्ये आधीच जेवढं अंतर आहे तेवढं चपाती सोडून पडणार नाही. त्यामुळे सुधारतील की बिघडतील याचं उत्तर, चपातीच्या जागी ताटात काय येतं त्यावर. ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ आली तर काही बिघडत नाही, ग्लुटेन-फ्री कुकीजचा डबा आला तर बिघडतं आणि वर खिसाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. वहिनींना आधी कधी रक्त कमी असणं, सतत जुलाब, तोंड येणं, घरात कुणाला सिलिॲक असं काही असेल तर टेस्ट व्हायला हवी होती आणि ती गहू चालू असतानाच करावी लागते. चार महिने गहू बंद असेल तर टीटीजी नॉर्मल येऊ शकतं आणि मग खरं काय ते कळतच नाही. परत टेस्टसाठी काही आठवडे गहू खावा लागतो, तेही डॉक्टरांना विचारून. माझ्याकडे दर महिन्याला अशी एक तरी बाई येते जी म्हणते मॅडम मी आधीच सोडलंय, आता सांगा मला आहे की नाही. कसं सांगू?

प्रश्न : आमचं मूळ गाव कोल्हापूर, मी वीस वर्षं गुडगावला आहे. धाकट्या भावाला सिलिॲक निघालं. गावाकडचे म्हणतात हा पंजाब्यांचा आजार, तिकडच्या पाण्याने झाला, आपल्यात नसतोच. खरं का? आणि मला स्वतःला काही तपासायला हवं का?

उत्तर : पाण्याचा संबंध नाही, पण गावाकडचे अगदीच वेड्यासारखं बोलत नाहीयेत. 2016 मध्ये छापलेल्या देशपातळीवरच्या पाहणीत उत्तर भारतात शंभरात सव्वा जणाला सिलिॲक सापडलं, ईशान्येला जवळपास 0.9 टक्के आणि दक्षिणेत फक्त 0.1. डीक्यू2 आणि डीक्यू8 अशी नावं असलेली जनुकं लागतात या आजाराला, ती तिन्हीकडे भरपूर लोकांत होती, फरक होता तो मुख्यतः गहू किती खाल्ला जातो याचा. जनुक म्हणजे नुसता परवाना, गहू आल्याशिवाय गाडी हलत नाही. आणि परवाना असलेल्या बहुतेकांची तर गहू खाऊनही हलत नाही, म्हणजे तिसरं काहीतरी आहे, आणि तिथेच बॅक्टेरियांवर संशय आहे.

या संशयाचा एक धागा आपल्या पुण्यातच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातल्या आणि दिल्लीच्या एम्समधल्या लोकांनी मिळून सिलिॲकचे पेशंट, त्यांचे सख्खे नातेवाईक आणि तुलनेसाठी तिसरे काही लोक अशा तीन गटांच्या लहान आतड्यातले आणि शौचातले बॅक्टेरिया ताडून बघितले, 2019 मध्ये तो पेपर आला. पेशंटचेच नाही तर आजार नसलेल्या नातेवाइकांचेही बॅक्टेरिया वेगळे दिसले, आणि ग्लुटेनचे तुकडे करणारी एन्झाइम्स बनवायची त्यांची ताकद कमी असावी असा अंदाज निघाला. अंदाजच हं, मोजलेलं नाही. कॅनडातल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलंय की कुठला बॅक्टेरिया ग्लुटेन कसं तोडतो यानेही फरक पडतो, स्यूडोमोनास तोडतो ते तुकडे जास्त भडकवतात आणि लॅक्टोबॅसिलस त्याच तुकड्यांचा आणखी चुरा करून त्यांचा जोर घालवतो. पण आधी बॅक्टेरिया बिघडले म्हणून आजार झाला की आजाराने बॅक्टेरिया बिघडले, हे कोंबडी-अंड्याचं भांडण अजून मिटलेलं नाही.

तुम्ही सख्खा भाऊ आहात, तेव्हा त्रास असो नसो, टीटीजी एकदा करून घ्या, आणि वर पुण्याच्या भाऊंना लिहिलंय ते तुम्हालाही लागू, गहू चालू ठेवूनच.

प्रश्न : मी जळगावचा, वय 58, तीन वर्षांपूर्वी सिलिॲक निघालं, पथ्य कडक आहे. मुलाने ऑनलाइन शौचाची मायक्रोबायोम टेस्ट, म्हणजे त्यातले बॅक्टेरिया कोणते ते बघणारी, करवली, चाळीस पानी रिपोर्ट आलाय, "बिफिडो लो" असं लाल अक्षरात आहे आणि सोबत त्याच कंपनीच्या प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या बॅक्टेरियांच्या, कॅप्सूल महिन्याला घ्या म्हणतात. घ्याव्यात का?

उत्तर : काका, ज्याच्याकडे कुलूप आहे तोच म्हणतोय घरात चोर शिरलाय. रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही. ग्लुटेन-फ्री खाणाऱ्या सिलिॲक पेशंटमध्ये बिफिडो निरोगी माणसांपेक्षा कमी असलेले काही अभ्यासांत दिसलेत, म्हणजे चाळीस पानं न छापताही मी तुम्हाला तसं असू शकतं एवढं सांगितलं असतं. पण अमुक इतके म्हणजे नॉर्मल असा सगळ्यांना मान्य आकडाच नाहीये, मग लो कशाच्या मानाने? शौचातले बॅक्टेरिया मोठ्या आतड्याची खबर देतात, तुमचा आजार लहान आतड्यातला. तुमच्या फॉलोअपला टीटीजी, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी, बी-12, आणि तुमच्या वयाला हाडांची घनता, हे लागतं. यातलं डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, राहिलं असेल तर पैसे तिकडे घाला.

कॅप्सूलचं म्हणाल तर बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस सिलिॲकच्या पेशंटना देऊन छोटे प्रयोग झालेत, लक्षणं थोडी कमी झाली, आजार जिथल्या तिथे. घेतल्याने पथ्यात सूट मिळत नाही हे पक्कं. आणि एक विचित्र गोष्ट, 2015 मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या लोकांनी बाजारातली 22 प्रोबायोटिक्स तपासली तर निम्म्याहून जास्त डब्यांत थोडं का होईना ग्लुटेन सापडलं, बहुतेकांत मर्यादेच्या आत, पण काहींत वर. तेव्हा घ्यायचीच असेल तर डबीवर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं असू द्या आणि महिन्याभरात फरक नाही तर बंद. घरचं दही ताक रोज घ्या, त्यातले बॅक्टेरिया पाहुणे आहेत, मुक्कामाला राहत नाहीत, पण पाहुणे रोज आले तर घर भरलेलं राहतं.

तुम्ही जळगावचे म्हणून एक सांगते. 1924 साली न्यूयॉर्कमध्ये सिडनी हास नावाच्या डॉक्टरने सिलिॲकच्या मुलांना केळ्यांवर ठेवलं, ढीगभर केळी, पाव बंद. पोरं बरी झाली आणि सगळ्या जगाने केळ्यांना डोक्यावर घेतलं. बरी झाली होती ती पाव बंद झाला म्हणून, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. ते आलं डच डॉक्टर विलेम डिके यांच्या, त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता आणि 1944-45 च्या दुष्काळी हिवाळ्यात पाव मिळेना तशी त्यांची पेशंट मुलं सुधारली, पाव परत आला तशी परत आजारी पडली. तुमच्याकडच्या केळ्याचा खरा उपयोग वेगळा आहे. कच्च्या केळ्यात न पचणारा स्टार्च भरपूर असतो, तो सरळ मोठ्या आतड्यात जातो आणि बॅक्टेरिया तो खातात. कच्च्या केळ्याची भाजी आठवड्यातून दोनदा करा. शिजवून गार झालेल्या भातात आणि सकाळच्या शिळ्या भाकरीतही तसा स्टार्च थोडा वाढतो. ताकात कुस्करलेली शिळी भाकरी कांद्याबरोबर खा, त्या कॅप्सूलपेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि चव पण आहे.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी सातारा जिल्ह्यात पिठाची गिरणी चालवतो. आमच्या इथली एक बाई मुलासाठी ज्वारी दळायला आणते आणि आधी गिरणी पुसून घ्या म्हणते, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. मी पुसून देतो पण रोज शंभर दळणं असतात, लोक खोळंबतात. एवढ्याने खरंच काही होतं का? होत असेल तर मी नीट करीन.

उत्तर : दादा, या महिन्यातलं सगळ्यात आवडलेलं पत्र तुमचं. आणि तुमच्या निमित्ताने माझी एक चूक पण सांगून टाकते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाला मी ज्वारीची भाकरी लिहून दिली, आई बिचारी इमानदारीने करत होती, सहा महिन्यांनी टीटीजी होतं तिथेच. मी आईलाच दोष दिला, म्हटलं शाळेत काहीतरी खात असेल पोरगं. नंतर ती एकदा दळण घेऊन थेट माझ्याकडे आली, पिशवी उघडली तर ज्वारीच्या पांढुरक्या पिठात वरच्या थरात पिवळसर झाक. तिच्या आधी कुणाचा तरी दहा किलो गहू दळलेला होता. मी भाकरी लिहिली आणि गिरणी विचारलीच नाही.

एवढ्याने काय होतं त्याचा हिशोब असा. ग्लुटेन-फ्री म्हणायला आपल्या सरकारी नियमाने किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. कणकेचा साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन. म्हणजे एका किलो ज्वारीच्या पिठात जेमतेम पाव ग्रॅम कणीक मिसळली, दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढी, तरी मर्यादा ओलांडली. तुमच्या दोन दगडांच्या मध्ये, वरच्या टोपल्याच्या कोपऱ्यात आणि पीठ पडतं त्या कापडी नळीच्या आत किती कणीक चिकटलेली असते ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. वरून फडकं मारून ती निघत नाही, आणि हवेत उडणारं पीठ तर वेगळंच. आधी दोन किलो तांदूळ फिरवला तर बरंच कमी होतं पण 20 च्या आत आलं असं छातीठोक सांगता येत नाही.

म्हणून त्या ताईंना माझा निरोप द्या, जमत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका, आणि ज्वारी दळायच्या आधी निवडा, पोत्यातच गव्हाचे दाणे असतात. घरघंटी परवडत नसेल तर पंचक्रोशीत असे तीन-चार पेशंट नक्की निघतील, त्यांनी मिळून एक घेतली तरी चालते. आणि तुमच्याकडे मिरची-मसाला कुटायच्या डंखासारखं एखादं छोटं वेगळं यंत्र पडून असेल, ज्यात कधी गहू गेलेला नाही, तर तेच आतून धुऊन-वाळवून भाकरीच्या धान्यासाठी वेगळं ठेवा, कापडी नळी नवी लावा, आणि ते भिंतीच्या त्या बाजूला हलवा जिकडे गव्हाचं पीठ उडत नाही. मिरचीचा वास मात्र आधी घालवा, नाहीतर पोरगं भाकरी खाणार नाही.